काऊल विणताना: पहिल्या टाक्यापासून धुऊन वाळवण्यापर्यंत

मफलरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली की लोकरीचं एक कडं तयार होतं, तेच काऊल. डोक्यातून घालायचं, गळ्याशी बसवायचं आणि विसरून जायचं. लोंबणारं टोक नाही, सारखं सावरणं नाही, चाकात किंवा यंत्रात अडकायची भीतीही नाही. ती भीती पोकळ नव्हे: नर्तकी इझाडोरा डंकन १९२७ मध्ये मोटारीच्या चाकात स्कार्फ अडकूनच दगावल्या.

विणायलाही काऊल सोपं. बाह्या नाहीत, खांदे नाहीत, टाके वाढवणं-घटवणं नाही. तरी पहिल्यांदा विणलेली बरीच काऊल कपाटात पडून राहतात. ती डोक्यातून जात नाहीत, नाहीतर गळ्यापासून लांब लोंबतात, नाहीतर टोचतात. लोकर कोणती, टाके किती आणि शेवटची फेरी किती सैल, एवढ्यावर हे सगळं ठरतं. मधली वीण कशीही असली तरी चालते. म्हणून इथे लोकर, माप आणि टाके बंद करणं यांवर जास्त लिहिलं आहे.

ऊब टिकते कशी

जॅकेटच्या आत अंगाने तापवलेली हवा असते. गरम हवा वर चढते आणि कॉलरच्या फटीतून निघून जाते; चालताना तर दर पावलाला भात्यासारखी बाहेर ढकलली जाते. काऊल हे त्या फटीला लावलेलं बूच. त्यात मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळून जातात, त्यामुळे मान उघडी राहिली की गारठा लगेच जाणवतो. (अंगातली निम्मी उष्णता डोक्यातून जाते, असं अजूनही ऐकू येतं. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा जेमतेम दहावा भाग, आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते.)

खरं काम करते ती लोकरीत अडकून बसलेली हवा. मेंढीच्या लोकरीचा तंतू नैसर्गिकरीत्या कुरळा असतो, त्यामुळे धाग्यात बारीक बारीक कप्पे तयार होतात आणि त्यांतली हवा हलत नाही. घट्ट, दाबून विणलेलं काऊल जास्त गरम होईल असं वाटतं, पण त्यात हे कप्पेच चिरडले जातात आणि कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. फार सैल विणलं तर वारा चाळणीतून यावा तसा आरपार येतो. शिवाय कसंही विणलं तरी विणकाम वारा पूर्ण अडवत नाही. म्हणून वाऱ्यात काऊल कॉलरच्या आत हवं, बाहेर नको: बाहेरून वारा अडवणारं कापड, आत हवा धरणारी लोकर.

लोकर निवडताना

गळ्याची कातडी नाजूक. हाताला मऊ लागलेली लोकर गळ्याला टोचू शकते, म्हणून गुंडा हनुवटीखाली दोन-तीन मिनिटं धरून पाहा. टोचणं ही बहुतेक वेळा ॲलर्जी नसते. जाड तंतूंची टोकं कातडीत रुततात. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू वाकत नाहीत, खुपतात. मेरिनो लोकर बहुधा १७ ते २३ मायक्रॉनची असते, त्यामुळे ती गळ्याशी चालते.

लोकर आपल्या वजनाच्या साधारण ३० टक्के ओल शोषूनही हाताला ओली लागत नाही. काऊल नाकावर ओढून चालणाऱ्यांना याचा फायदा होतो, कारण श्वासातली वाफ त्यातच मुरते. ॲक्रिलिक ओल शोषत नाही. तीच वाफ धाग्यांमध्ये पाणी होऊन बसते आणि दहा मिनिटांत तोंडाशी गार ओलसर फडकं येतं. मात्र ॲक्रिलिक स्वस्त असतं, मशीनमध्ये धुता येतं, कसर लागत नाही. नुसत्या गळ्यासाठी आणि लहान मुलांसाठी ते वाईट नाही. अल्पाका (उंटाच्या कुळातल्या त्याच नावाच्या प्राण्याची लोकर) फार गरम आणि रेशमी, पण त्यात लवचीकपणा कमी. निव्वळ अल्पाकाचं काऊल आठवडाभरात खाली ओघळतं. निम्मी मेंढीची लोकर मिसळलेला धागा घ्या. मोहेरची, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांच्या धाग्याची, लव एकमेकीत अडकते, चुकलं तर उसवताना जीव जातो. पहिल्या कामाला नकोच. सुती धाग्याला स्प्रिंग नसते आणि तो भिजला की वाळता वाळत नाही.

गुंड्यावरच्या पट्टीवर ‘सुपरवॉश’ लिहिलं असेल, तर त्या लोकरीच्या तंतूंवरचे खवले गुळगुळीत केलेले असतात किंवा त्यांवर थर दिलेला असतो. ती सहजासहजी आटत नाही, पण भिजल्यावर बरीच पसरते. हे पुढे नमुन्याच्या, म्हणजे माप पाहायला आधी विणायच्या तुकड्याच्या, वेळी लागेल.

रंग फिका किंवा मध्यम घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाका दिसत नाही, आणि दिसला नाही तर चूकही दिसत नाही.

माप आणि हिशेब

मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण ५४ ते ५८ सेंमी असतो. गळ्याशी एकपदरी बसणाऱ्या काऊलचा घेर ५८ ते ६२ सेंमी ठेवला की ते डोक्यातून सहज जातं आणि गळ्याभोवती दोन-तीन घड्या पडून बसतं. या घड्या हव्यातच, हवा तिथेच राहते. उंची २४-२५ सेंमी. १५ सेंमी उंचीचं काऊल दिसायला छान, पण मान वळवली की खालून उघडं पडतं.

खालचा सगळा हिशेब मध्यम जाडीच्या लोकरीचा आहे: १०० ग्रॅमला साधारण २०० मीटर, ५ मिमीची सुई, आणि १० सेंमीत १८ टाके व २४ फेऱ्या. ६० सेंमी घेराला १८ × ६ = १०८ टाके. २५ सेंमी उंचीला ६० फेऱ्या. धागा १३० ते १६० मीटर जातो, म्हणजे १०० ग्रॅमचा एक गुंडा पुरतो. आधी मोठा नमुना विणून तो उसवायचा नसेल, तर मात्र ५० ग्रॅम जास्तीची घ्या, आणि पट्टीवरचा रंगाचा लॉट क्रमांक तोच आहे ना ते पाहा. एकाच रंगाचे दोन लॉट दुकानात सारखे दिसतात. विणल्यावर मधोमध रेघ उमटते.

सामान थोडकंच. ५ मिमीची गोल सुई, म्हणजे दोन टोकं वायरीने जोडलेली. तिची टोकापासून टोकापर्यंतची लांबी ४० सेंमी. ६० सेंमीचीही चालते, पण जेमतेम. नियम एवढाच की सुईची लांबी काऊलच्या घेरापेक्षा जास्त नको. ८० सेंमीच्या सुईवर १०८ टाके ताणून पोचवावे लागतात आणि प्रत्येक टाका ओढत ओढत पुढे सरकवावा लागतो. शिवाय ६ मिमीची आणखी एक सुई (कुठलीही, फक्त शेवटच्या फेरीला), फेरीची सुरुवात दाखवणारा एक मार्कर किंवा वेगळ्या रंगाच्या धाग्याचं कडं, मोजपट्टी, क्रोशाचा ४ मिमीचा हूक आणि मोठ्या नेढ्याची बोथट सुई. लाकडी किंवा बांबूच्या सुईवरून टाके घसरत नाहीत. शिकणाऱ्याने तीच घ्यावी. धातूची सुई हात बसल्यावर.

नमुना: कंटाळवाणा, पण टाळू नये असा

३० टाके घाला आणि १५ सेंमी उंचीचा चौकोन विणा. धुवा, सपाट वाळवा, आणि मगच मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. कडेचे टाके नेहमी वेडेवाकडे असतात. अर्धा टाकाही मोजा. १८ च्या जागी १८.५ आले तर सोडून द्या. २० आले तर १०८ टाक्यांचं काऊल ५४ सेंमीचं होईल आणि डोक्याला अडकेल. १६ आले तर ते साडेसदुसष्ट सेंमीचं होईल आणि गळ्यापासून लांब उभं राहील. टाके जास्त भरले तर अर्ध्या मिमीने जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक. हात सैल किंवा घट्ट करून गेज (१० सेंमीत बसणारे टाके) जुळवायला जाऊ नका. दहाव्या फेरीपर्यंत हात आपल्या मूळ सवयीवर आलेला असतो.

धुण्याआधी आणि धुतल्यानंतर, दोन्ही मापं लिहून ठेवा. सुपरवॉश लोकरीचा धुण्याआधी अगदी बरोबर वाटलेला नमुना धुतल्यावर एक-दोन टाक्यांनी सैल निघतो, आणि संपूर्ण काऊलमध्ये तो फरक साडेतीन ते साडेसात सेंमीचा होतो.

टाके घालणं

लांब शेपटाची पद्धत वापरा: एका धाग्याचं शेपूट अंगठ्यावर, गुंड्याकडचा धागा तर्जनीवर. या पद्धतीची कड लवचीक येते. शेपूट घेराच्या तिप्पट आणि वर २० सेंमी, म्हणजे इथे २ मीटर सोडा. नव्वदाव्या टाक्याला शेपूट संपलं की सगळं उसवून पुन्हा सुरुवात करण्यावाचून इलाज नसतो.

टाके दोन सुया एकत्र धरून घाला असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने टाके उंच होतात, पण त्यांच्यामधलं अंतर वाढत नाही, आणि कडेची लवचीकता अंतरावर अवलंबून असते. एकाच सुईवर घाला आणि दर दोन टाक्यांत अर्ध्या टाक्याएवढी जागा सोडा. दर वीस टाक्यांना रंगीत धाग्याचं कडं अडकवत गेलात तर पुन्हा पुन्हा मोजावं लागत नाही.

पीळ न पडू देता जोडणं

सगळ्यांत जास्त काऊल इथे बिघडतात. १०८ टाके वायरीवर स्क्रूसारखे फिरतात. ते तसेच ठेवून गोल जोडलं की कड्याला कायमचा पीळ बसतो. तीन-चार फेऱ्यांनंतर लक्षात आलं तर उसवण्याखेरीज उपाय नाही. पहिल्याच फेरीत दिसलं तर टोकांमधल्या धाग्याच्या फटीपाशी सगळे टाके एकदा फिरवून घेता येतात. तिथे किंचित पीळ राहतो पण दिसत नाही.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे लगेच न जोडणं. पहिल्या तीन ओळी सपाट विणा: २ सुलट, २ उलट, ओळ संपेपर्यंत, सुई उलटा, पुन्हा २ सुलट, २ उलट, उलटा, तिसरी ओळही तशीच. १०८ ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून दोन्ही बाजूंनी ओळ २ सुलटनेच सुरू होते. आता खाली सव्वा सेंमीची पट्टी तयार झालेली असते आणि तिला पीळ पडला तर लगेच डोळ्यांत भरतं. टाके घातलेली कड सगळीकडे सुईच्या खाली, आतल्या बाजूला आहे याची बोटाने चाचपून खात्री करा.

तिसरी ओळ संपली की सुई उलटू नका. उजव्या टोकावर नुकताच विणलेला टाका आणि गुंड्याचा धागा, डाव्या टोकावर ओळीचा पहिला टाका, अशी स्थिती असेल. उजव्या टोकावर मार्कर अडकवा आणि डावीकडचा पहिला टाका सुलट विणा, धागा जरा ओढून. झालं, गोल जोडलं गेलं. खाली तीन ओळींची छोटी खाच राहील. टाके घालताना सोडलेलं शेपूट तिथेच असतं, शेवटी त्यानेच ती शिवून टाकायची.

साठ फेऱ्या

मार्करपासून मार्करपर्यंत एक फेरी. पहिल्या १० फेऱ्या (सपाट विणलेल्या तीन धरून) २ सुलट, २ उलट. ही बॉर्डर कड गुंडाळू देत नाही. सगळं काऊल नुसतं सुलट विणलं तर खालची कड बाहेर आणि वरची कड खाली सुरळीसारखी वळते. सुलट टाक्याची पुढची बाजू आखूड आणि मागची फुगीर असते, म्हणून ते होतं. धुऊन, इस्त्री करून जात नाही.

मग मधला भाग, ४० फेऱ्या. यासाठी तुटक रिब घ्या:

पहिली फेरी: सगळे टाके सुलट.
दुसरी फेरी: १ सुलट, १ उलट, शेवटपर्यंत.

या दोन फेऱ्या वीस वेळा. दिसायला दाणेदार, दोन्ही बाजूंनी चालण्यासारखं, आणि निम्म्या फेऱ्या नुसत्या सुलट असल्याने हात भराभर चालतो. साबुदाणा वीणही काऊलला उत्तम, पण दर टाक्याला धागा पुढे-मागे करावा लागतो. १०८ टाक्यांच्या चाळीस फेऱ्या तशा विणायच्या तर संयम हवा.

कुठली फेरी चालू आहे हे लक्षात ठेवायची गरज नाही, टाके वाचायला शिका. सुईच्या लगेच खाली पाहा. सुलट टाका वरून उघडलेल्या चिमट्यासारखा दिसतो. उलट टाक्याच्या गळ्याशी आडवा मणी असतो. खाली एकाआड एक मणी दिसले तर आत्ताची फेरी पूर्ण सुलट. सगळे चिमटेच दिसले तर १ सुलट, १ उलट. ही सवय लागली की विणकाम मध्येच ठेवून चार दिवसांनी हातात घेतलं तरी गोंधळ होत नाही.

फेरी मोजणारी आणखी एक खूण: १ सुलट, १ उलट ही फेरी मार्करपाशी उलट टाक्यावर संपायला हवी. सुलटवर संपली तर एखादा टाका कमी-जास्त झाला आहे. पुढे जाऊ नका, ती फेरी परत तपासा. जास्तीचा टाका बहुतेक वेळा उलट विणताना धागा पुढे आणून मागे न्यायचा राहिला की तयार होतो. सुईवर एक आडवा वेढा बसतो आणि पुढच्या फेरीत तो टाका म्हणून विणला जातो. तिथे भोकही दिसतं. लगेच सापडला तर वेढा नुसता सुईवरून सोडून द्या, आजूबाजूचे टाके सैल धागा ओढून घेतात.

टाका निसटला आणि खाली शिडी पडली, तर घाबरून ओढू नका. लोकरीचा टाका आपल्या जागी बराच वेळ थांबतो. गुळगुळीत ॲक्रिलिक मात्र पटकन धावतं. क्रोशाचा हूक पुढून त्या टाक्यात घाला, शिडीची सगळ्यांत खालची पायरी पकडून टाक्यातून ओढून घ्या, मग तिच्या वरची. उलट टाक्याची रांग असेल तर मणी येणाऱ्या पायरीला हूक मागून घालावा लागतो. ते जमत नसेल तर काम आतून बाहेर करा आणि तो टाका सुलट समजून उचला. पायरी सुटली तर रांगेत एक लांबुळका टाका राहतो आणि तो दुरूनही दिसतो.

गुंडा बदलायचा तर मार्करपाशी बदला, दोन्ही बाजूंना १५ सेंमी धागा सोडून. गाठ मारू नका. गाठ गळ्याला लागते आणि कधीतरी सुटून पुढच्या बाजूला येतेच. साध्या मेंढीच्या लोकरीला एक सुंदर सोय आहे: दोन्ही टोकांचे पदर ५-६ सेंमी उकला, निम्मे पदर तोडा, टोकं एकमेकांवर ठेवा, पाण्याने ओली करा आणि तळहातांमध्ये जोरात चोळा. घर्षणाने खवले एकमेकांत अडकून धागा एकजीव होतो. सुपरवॉश आणि ॲक्रिलिकला हे होत नाही, कितीही चोळा.

चाळीस फेऱ्या झाल्या की पुन्हा १० फेऱ्या २ सुलट, २ उलट. शेवटच्या दोन फेऱ्यांआधी धागा मोजा: टाके बंद करायला घेराच्या चौपट, म्हणजे अडीच ते तीन मीटर शिल्लक हवा. नसेल तर दोन फेऱ्या कमी करा. वरची बॉर्डर ८ फेऱ्यांची झाली तर कोणाला कळत नाही.

टाके बंद करणं

आता सगळ्यात नाजूक काम. कड घट्ट झाली तर साठ सेंमीचं काऊल पन्नास सेंमीच्या भोकातून घालावं लागतं. नेहमीच्या पद्धतीत (दोन टाके विणा, पहिला दुसऱ्यावरून उडी मारून सोडा) ही कड जवळजवळ प्रत्येक नवशिक्याची आवळते.

उजव्या हातात ६ मिमीची सुई घ्या आणि असं करा: पहिले दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा. उजव्या सुईवर एक टाका आला. तो न पिळता डाव्या सुईवर परत ठेवा. पुन्हा तो आणि त्याच्या पुढचा टाका मागून एकत्र विणा. परत ठेवा. असं शेवटपर्यंत. जो टाका परत ठेवता तो सुईच्या जाड भागावर मोकळेपणी फिरला पाहिजे, टोकावर चिकटून राहता कामा नये. वीसेक टाके झाले की तेवढी कड ताणून पाहा: खालची बॉर्डर जेवढी ताणते तेवढी ती ताणायला हवी. कमी ताणली तर तिथेच उसवा. वीस टाके उसवायला दोन मिनिटं लागतात. धुतल्यावर कळलं तर उसवायचं टोक शोधण्यातच संध्याकाळ जाते.

शेवटच्या टाक्यातून धागा ओढून घ्या, १५ सेंमी ठेवून कापा, आणि बोथट सुईने कडेच्या पहिल्या टाक्याच्या माळेखालून नेऊन परत आणा. कडेला पायरी राहत नाही.

टोकं लपवताना आतल्या बाजूला मण्यांच्या रांगेतून तिरकी सुई न्या, चार-पाच सेंमी, मग दिशा बदलून परत तेवढीच. एकाच सरळ रेषेत नेलेलं टोक पहिल्या धुण्यात बाहेर येतं. काऊल ताणून पाहा आणि मगच उरलेला धागा कापा, एक सेंमी ठेवून.

धुणं आणि आकार देणं

कोमट किंवा गार पाण्यात लोकरीसाठीचा थोडा साबण घालून वीस मिनिटं नुसतं बुडवून ठेवा. चोळू नका. उष्णता, साबण आणि घर्षण एकत्र आलं की लोकर आटते आणि पुन्हा पूर्वीसारखी होत नाही. उचलताना दोन्ही हातांची ओंजळ करून उचला. एका कडेने धरून उचललं तर पाण्याच्या वजनाने लांब होतं. पिळायचं नाही: टॉवेलवर ठेवा, सुरळी करा, सुरळीवर उभे राहा. मग सपाट पसरून ३० × २५ सेंमीच्या दुपदरी मापात (घेर ६०) हाताने सारखं करा. बॉर्डर ताणू नका, ती आकसलेलीच हवी. तिच्यामुळे काऊल गळ्याशी चिकटून बसतं. दोरीवर टाकलं तर मधोमध घडीची रेघ पडते आणि बॉर्डर ओघळते.

ॲक्रिलिकला पाण्याने आकार येत नाही, वाफेने येतो. इस्त्री तीन-चार सेंमी वर धरून वाफ सोडा, टेकवू नका. जास्त उष्णता लागली तर त्यातली सगळी स्प्रिंग निघून जाते आणि कापड लुळं पडतं. हे परत फिरवता येत नाही, म्हणून आधी नमुन्यावर करून पाहा.

थोडे फेरफार

दोन वेढ्यांचं काऊल हवं असेल तर २३२ टाके घाला. घेर साधारण १२९ सेंमी होतो. सुई ८० किंवा १०० सेंमीची, फेऱ्या ५० पुरतात, लोकर २०० ग्रॅम. दुसरा वेढा पहिल्याच्या आत हवेचा आणखी एक थर धरतो, त्यामुळे कडक थंडीत हाच प्रकार बरा. पण जॅकेटच्या बंद कॉलरमध्ये तो मावत नाही.

जाड लोकर (१० सेंमीत १४ टाके, ६.५ मिमीच्या आसपासची सुई) घेतली तर ८४ टाके आणि सुमारे ४८ फेऱ्यांत काम होतं. सुट्टीच्या दोन दिवसांत संपतं. १०० ग्रॅमच्या गुंड्यात धागा साधारण ११० मीटरच असतो आणि तो काठावर पुरतो, म्हणून दोन घ्या.

गोल सुई नसेल तर दोन सरळ सुयांवर ४४ टाके घालून प्रत्येक ओळ सुलट विणत जा आणि ५५ सेंमी लांबीला थांबा. ही वीण लांबीला ओढली जाते, वापरात ६० होते. मग दोन्ही टोकं बोथट सुईने जोडा. शिवण मानेच्या मागे ठेवायची.

शाळेत जाणाऱ्या मुलांना एकपदरीच काऊल द्या, ९२ टाक्यांचं, उंची १८ सेंमी. सैल दोन वेढ्यांचं खेळताना कशातही अडकतं. तान्ह्या बाळाला झोपताना गळ्याभोवती काहीही घालू नये, काऊलही नाही.

वापरताना

घराबाहेर पडण्यापूर्वी काऊल घाला, थंडी वाजू लागल्यावर नाही. आधी अंगाची गरम हवा अडवायची आहे. जॅकेटची चेन अर्धी असताना काऊलची खालची बॉर्डर आत छातीवर पसरवा, मग चेन वरपर्यंत ओढा. चढावर घाम येऊ लागला तर आधी काऊल काढा. घामाने भिजलेला आतला कपडा थांबल्यावर जास्त गार पडतो. तोंडावर ओढलेला भाग ओलसर झाला की काऊल अर्धं फिरवून कोरडी बाजू पुढे घ्या.

रोजच्या रोज धुवायची गरज नाही, रात्री मोकळ्या हवेत पसरून ठेवलं तरी पुरे. घासल्या जाणाऱ्या जागी, म्हणजे हनुवटीखाली आणि चेनच्या कडेला, गोळे येतील. ते ओढून तोडू नका, बारीक कात्रीने कापा. हंगाम संपल्यावर मात्र धुतल्याशिवाय ठेवायचं नाही. कसरीच्या अळ्या लोकरीतलं केराटिन हे प्रथिन खातात, आणि घाम-तेल लागलेल्या जागा त्यांना आधी सापडतात. पूर्ण वाळवून, तोंड घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घडी करून ठेवा. भोकं पडलेली दिसली तर तीच पिशवी फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, मग धुऊन भोक त्याच लोकरीने रफू करा. उरलेल्या गुंड्यातला दहा-वीस मीटर धागा त्यासाठी पिशवीतच टाकून ठेवावा, पट्टीसकट.